‘कबूल केले’ म्हणजे प्रत्येक वेळी ॲडमिट नव्हे : अनुवादाला मजकूर देण्याआधी एवढे वाचा

आमच्याकडे मराठीतून इंग्रजीत करायला पत्रे, खुलासे, जबाब, अर्ज येतात. या सगळ्यांत मिळून सर्वांत जास्त खाडाखोड होते ती ॲडमिट या एका क्रियापदावर. आम्ही पाठवलेल्या मसुद्यात ॲग्री किंवा ॲक्नॉलेज असते. ग्राहक शब्दकोशात ‘कबूल करणे’ काढून बघतात, समोर ॲडमिट दिसते, आणि आमचा शब्द खोडून ते तो लिहितात. मसुदा परत येतो, आम्ही कारण कळवतो, मग फोन होतो आणि तोवर पत्र पाठवायची तारीख तोंडावर आलेली असते. शंका विचारल्याबद्दल तक्रार मुळीच नाही. पण हीच शंका इतक्यांना पडते की एकदा नीट लिहून द्यावे असे वाटले.

अडचण आपल्या मराठी शब्दातच आहे. ‘कबूल केले’ हे आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. ‘त्याने पैसे द्यायचे कबूल केले’ यात पैसे अजून द्यायचे आहेत, त्याने होकार दिला आहे. ‘त्याने पैसे दिल्याचे कबूल केले’ यात पैसे देऊन झाले आहेत, ती गोष्ट तो आता सांगतो आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ॲग्री लागते : ही ॲग्रीड टू पे. ॲडमिट चालते ते फक्त दुसऱ्यासाठी : ही ॲडमिटेड पेइंग.

ग्राहकांनी दुरुस्त केलेल्या मसुद्यात पहिल्या वाक्याचे ‘ही ॲडमिटेड टू पे’ झालेले असते. हे नुसते व्याकरणात चुकत नाही. वाचणारा माणूस ते मनातल्या मनात सुधारून ‘ॲडमिटेड टू पेइंग’ असे वाचू शकतो, म्हणजे समोरच्याने पैसे देऊन टाकल्याचे तुम्हीच लिहून दिलेत! ज्याच्याकडून येणे आहे त्यालाच पाठवायच्या पत्रात हे किती महागात पडेल ते सांगायला नको.

ओळखायची खूण मराठीतच आहे. ‘कबूल’च्या आधीचे क्रियापद बघा. दिल्याचे, घेतल्याचे, केल्याचे, असे ‘ल्याचे’ आले तर ॲडमिटचा विचार करा. द्यायचे, घ्यायचे, करण्याचे, असे आले तर ॲग्री, किंवा वचन दिले असेल तर प्रॉमिस. तसेच ‘त्याने मला कबूल केले होते’ हे बहुधा वचन असते आणि ‘त्याने माझ्यापाशी कबूल केले’ ही कबुली असते. कबुलीच्या अर्थाने इंग्रजीतही ‘ॲडमिटेड मी’ होत नाही, ‘ॲडमिटेड टू मी’ होते. हीच खूण उलट्या बाजूलाही लागू पडते. पैसे घेतल्याचे नाकारले तर डिनाय, पैसे घ्यायचे नाकारले तर रिफ्यूज.

ॲडमिटनंतर ‘टू’ येऊ शकते, आणि तिथेच फसगत होते. त्या ‘टू’पुढे क्रियापदाचे मूळ रूप येत नाही, आयएनजीचे रूप येते : ॲडमिटेड टेकिंग किंवा ॲडमिटेड टू टेकिंग. दोन्ही बरोबर, ‘ॲडमिटेड टू टेक’ चूक. ॲडमिटेड आणि ॲडमिटिंग लिहिताना टी दोनदा येतो, कारण उच्चारातला जोर शेवटच्या ‘मिट’वर आहे. आमच्या मसुद्यातला दुसरा टी टंकनदोष समजून काढू नये, ही विनंती.

‘ॲडमिट म्हणजे दवाखान्यात दाखल करणे ना?’ असेही पुष्कळजण विचारतात. तोही अर्थ खराच, शब्द एकच आहे. लॅटिनमधल्या मूळ क्रियापदाचा अर्थ आत येऊ देणे असा. माणसाला आत घेतले की ते दाखल करणे, आणि दाराबाहेर थोपवून धरलेली गोष्ट आत येऊ दिली की ती कबुली. आमच्या मते हा शब्द समजून घ्यायचा सर्वांत चांगला मार्ग हाच, कारण ॲडमिटमधली नाखुशी त्यातून लक्षात येते. ॲडमिट म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हा आतापर्यंत हे टाळत होता.

म्हणून ‘तुमचे पत्र मिळाल्याचे मान्य करतो’ याला आम्ही ॲडमिट लावत नाही. ‘ल्याचे’ आहे खरे, पण पत्र मिळण्यात दोष कसला? ही पोच आहे. तिथे ॲक्नॉलेज. ‘माल उशिरा पोहोचल्याचे आम्हाला मान्य आहे’ इथे मात्र आम्ही थांबतो आणि तुम्हाला विचारतो. उशीर झाला एवढेच नोंदवायचे असेल तर ॲक्नॉलेज, उशिराचा दोष स्वतःकडे घ्यायचा असेल तर ॲडमिट. हा निर्णय तुमचा आहे, आम्ही अंदाजाने घेणार नाही. ‘एवढ्याशा पत्राला इतके प्रश्न कशाला’ असे काहींना वाटते. पण सही तुमची असते, आणि तेच पत्र पुढे तुमच्यासमोर ठेवले जाऊ शकते.

उलट विनंतीही येते. चूक उघड आहे, पण इंग्रजीत ती जरा झाकून लिहा. शब्द सौम्य करायला आम्ही नेहमी तयार असतो, मात्र तुमच्या मराठीत स्पष्ट ‘चूक झाली’ असेल तर अनुवादात ती गाळत नाही. आधी मराठी बदला, मग आम्ही इंग्रजी बदलू.

कन्फेस आणि कन्सीड हे शब्दही मसुद्यांत घातलेले दिसतात. कन्फेसला गुन्ह्याचा किंवा पापाचा वास आहे, कार्यालयीन खुलाशात तो फार जड होतो. कन्सीड म्हणजे वादात समोरच्याचा मुद्दा किंवा आपली हार मान्य करणे. वाद नसेल तर तो नको. अटी मान्य असतील तर ॲक्सेप्ट.

तेव्हा मजकूर पाठवताना जिथे ‘कबूल’ किंवा ‘मान्य’ आहे तिथे समासात एकच शब्द लिहा : होकार, पोच की दोष. हाताने लिहिले तरी चालेल. असा मजकूर आला की आम्हाला फोन करावा लागत नाही आणि काम बहुतेक वेळा एकाच फेरीत संपते. दुसरीकडून करून घेतलेला अनुवाद तुमच्याकडे तयार असेल आणि त्यातल्या या एका शब्दाचीच शंका असेल, तर तेवढा परिच्छेद मूळ मराठीसह पाठवा. तोही आम्ही पाहून देतो.