लबाड कारागीर आणि अर्धवट कारागीर: दोघांची लक्षणं वेगळी

घरात काम काढलं की आपली सगळी सावधगिरी पैशाभोवती फिरते. ॲडव्हान्स कमी द्यायचा, दोन-तीन ठिकाणी भाव काढायचा, शेवटची रक्कम काम संपेपर्यंत अडकवून ठेवायची. हे योग्यच आहे, पण त्याने अडतो तो फक्त लबाड माणूस. ज्याला काम अर्धंच येतं आणि आपल्याला अर्धंच येतं हे ज्याच्या गावीही नाही, तो या सगळ्यातून सहज आत येतो. ॲडव्हान्सचं नाव काढत नाही, वेळेवर येतो, आजींची विचारपूस करतो, दोनशे कमी दिले तरी हसून घेतो. आणि गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनला थंड पाण्याचा पांढरा यूपीव्हीसी पाइप जोडून जातो. तिथे गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी लागतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

नुकसान झाल्यावर आपण दोघांनाही एकाच शिवीने आठवतो, म्हणून पुढच्या वेळी काय बघायचं ते कळत नाही. लबाड माणूस व्यवहारात पकडता येतो, अर्धवट माणूस कामात.

लबाडाला काम येतं, बऱ्याचदा उत्तम येतं. तो आधी घाबरवतो: "ताई, आज नाही केलं तर रात्री शॉर्ट सर्किट होईल." मग घाई करतो. बदललेला जुना पार्ट पिशवीत टाकून घेऊन जातो. "जुना इथेच ठेवा" म्हटलं की त्याचा चेहरा बघावा. नवा पार्ट बसवलाच नसेल, तर जुना दाखवणार कुठून? बिलात १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर वर जीएसटी नंबर शोधा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. नंबर नाही आणि कर मात्र आहे, म्हणजे तो कर थेट त्याच्या खिशात. उलट जीएसटी नसलेलं, वहीच्या कागदावर लिहिलेलं बिल पाहून बिचकायचं कारण नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नसते, आणि एकट्याने काम करणारे बहुतेक प्लंबर-सुतार त्यातच बसतात.

वॉटर प्युरिफायरवाल्यांचा एक जुना खेळ अजूनही चालतो. नळाच्या पाण्यात दोन सळयांचं यंत्र बुडवलं की पाणी तपकिरी होतं, आरओच्या पाण्यात बुडवलं की फारसं काही होत नाही. घरातले लोक हादरतात. तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो, त्या लोखंडी सळईच्या गंजाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि सळई झिजते, आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून काही घडत नाही. पिण्यायोग्य पाण्यातही हा रंग येणारच. हे दाखवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

आता अर्धवट. त्याचं खरं रूप इलेक्ट्रिकच्या कामात दिसतं.

समजा, गिझर लावला की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पडतो. अर्धवट माणूस १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवतो आणि म्हणतो, "आता नाही पडणार." खरोखरच पडत नाही. तुम्ही खूश, तो खूश. पण एमसीबी असतो भिंतीतली वायर वाचवायला. वायर १६ अँपिअरच्या हिशेबाने टाकलेली असेल, तर आता तिच्यातून दुप्पट करंट गेला तरी कुणी थांबवणार नाही, आणि ती प्लास्टरच्या आत तापत राहील. शिवाय २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरसुद्धा घेत नाही. मग १६ चा एमसीबी पडतोच का? कुठेतरी कनेक्शन ढिलं असेल, एलिमेंट गेलं असेल, त्याच लाइनवर दुसरं काहीतरी चालू असेल. हे शोधणं म्हणजे काम. एमसीबी बदलणं म्हणजे तक्रार बंद करणं.

त्याहून वाईट दोन गोष्टी. एक, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, "हे उगाच पडतं" म्हणून बायपास करणं. घरातलं ईएलसीबी किंवा आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडतं, कारण त्याचं काम माणूस वाचवणं आहे. ते पडतंय म्हणजे करंट कुठेतरी झिरपतोय. दुसरी, सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर आलेलीच नसेल, तर न्यूट्रलवरून छोटा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देणं. टेस्टर लावला तर सगळं ठीक दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यालाच करंट येतो. असं करणाऱ्याने यात एक रुपयाही जास्त घेतलेला नसतो. तीच तर पंचाईत आहे.

याला ओळखायचं कसं? काम सुरू होण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हे का होतंय?" जाणकार कारण सांगतो, किंवा "उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही" म्हणतो. अर्धवट लगेच पार्टचं नाव सांगतो. मग त्याच्या हाताकडे बघा. बोर्डाचा स्क्रू फिरवण्याआधी मेन बंद करतो का? बंद केल्यावरही वायरला टेस्टर लावून खात्री करतो का? पिशवीत मल्टिमीटर आहे, की टेस्टर आणि पक्कड एवढ्यावरच भागवतो? वायरमनचा परवाना आहे का हे विचारायला लाजू नये. आयटीआयचा दोन वर्षांचा कोर्स केला असेल तर उत्तमच, पण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले कितीतरी लोक कागदवाल्यांपेक्षा सरस असतात, हेही खरं.

काही खुणा मात्र दोघांच्याही असतात. उदाहरण एसीचं. "गॅस संपलाय, दर उन्हाळ्यात भरावा लागतो." एसीतला गॅस बंद नळीत फिरत असतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे, आणि ते बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. विचारा, "लीक कुठे आहे?" अर्धवट मनापासून सांगेल, "साहेब, गॅस हळूहळू उडूनच जातो." त्याच्या उस्तादानेही त्याला हेच सांगितलेलं असतं. लबाड विषय बदलेल आणि ऑफर सांगेल. मग म्हणा, "आधी गेज लावून प्रेशर दाखवा, जॉइंटना साबणाचं पाणी लावा." अर्धवट गोंधळतो, पण करून बघायला तयार होतो. लबाड म्हणतो, त्याचा चार्ज वेगळा पडेल. फिल्टर नि कॉइल धुतल्यावर हवा गार यायला लागली, म्हणजे गॅसचा प्रश्न नव्हताच, असंही खूप वेळा होतं.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचंही तसंच. ऐन जुलैत "उद्या करून देतो, दहा वर्षांची गॅरंटी" म्हणणारा या दोघांपैकीच एक असतो. ओल्या पृष्ठभागावर बहुतेक कोटिंग धरत नाहीत. चांगला ठेकेदार पावसाळ्यात येतो, पाणी कुठून शिरतंय ते बघून ठेवतो आणि काम उघडिपीवर ढकलतो. बाथरूमच्या गळतीतही आधी पाण्याचा उगम शोधावा लागतो: ओल चोवीस तास वाढतेय, म्हणजे संशय नळाच्या लाइनवर, आंघोळीनंतरच वाढतेय, म्हणजे नहाणी ट्रॅपवर किंवा लाद्यांच्या सांध्यांवर. नहाणीचं तोंड बंद करून रंगीत पाणी दिवसभर साठवून ठेवलं की पुष्कळ काही कळतं. हे न करता थेट लाद्यांच्या फटीत व्हाइट सिमेंट भरायला बसणारा माणूस कितीही गोड बोलला तरी अर्धवटच.

ज्यांना आपण उगाच धोक्याच्या खुणा समजतो, त्यांत पहिली म्हणजे सामानासाठी आगाऊ पैसे मागणं. रोजंदारीवरच्या माणसाकडे भांडवल कुठलं? त्याच्याबरोबर हार्डवेअरच्या दुकानात जाऊन दुकानदाराला आपण पैसे द्यावेत. दुकानदार त्याला थोडं कमिशन देतो, तो धंद्यातला जुना रिवाज आहे. त्यावरून माणूस चोर ठरत नाही. फोनवर रेट न सांगणं ही तर चांगलीच खूण. आणि "हे माझ्या लाइनचं काम नाही, दुसरा बोलवा" असं म्हणणाऱ्याचा नंबर जपून ठेवावा.

शेवटची रक्कम अडकवून ठेवण्याचा उपाय लबाडावर चालतो. अर्धवटावर चालत नाही, कारण त्याची चूक पैसे देऊन झाल्यावर, एखाद्या पावसाळ्यानंतर वर येते. त्याच्यासाठी भिंत बुजण्याआधी बघावं लागतं. प्लास्टर मारण्याआधी पाइप-वायरचे फोटो काढून ठेवा, लाद्या बसण्याआधी पाण्याची लाइन पंप लावून प्रेशरखाली तपासून घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कारागिराला त्या दिवशी दोन-चारशे रुपये देऊन नुसतं बघायला बोलवा. हा खर्च लोकांना फुकट वाटतो, पण माझ्या मते घरकामातला सगळ्यात स्वस्त खर्च तोच.

फसवणूक झालीच, तर इथेही रस्ते वेगळे. इंटरनेटवर सापडलेल्या खोट्या कस्टमर केअर नंबरवर फोन केला, "रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असं कुणी सांगितलं आणि पैसे गेले, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे घेऊन काम अर्धवट सोडलेल्याची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते, त्यासाठी बिल आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवावेत. अर्धवटाशी भांडून मात्र फार काही मिळत नाही. त्याला पुन्हा बोलावलं तर तो तीच चूक नव्याने बुजवून जातो. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यावी. पडद्याचा रॉड, नळाचा वॉशर, दाराची कडी यांसाठी तो पुढेही बोलवायला हरकत नाही, फक्त मीटरबोर्डाचं झाकण त्याच्याकडून उघडून घेऊ नये.