चेंडूला कळणारा उतार

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला अजिंक्यतारा डोळे मिटूनही काढता येतो. वर सपाट माथा, त्याखाली उभा कडा, मग उतार आणि पायथ्याला शहर. म्हणूनच माझ्या भाच्यानं लॅपटॉपवर तो डोंगर पहिल्यांदा उभा केला, तेव्हा आम्ही दोघंही क्षणभर गप्प झालो. समोर पिठाचा ढीग होता. कडा कुठंच नव्हता.

भाचा गोल्फच्या एका संगणक खेळासाठी मैदान बनवतोय. अठरा होल, म्हणजे चेंडू मारत मारत शेवटच्या खळग्यापर्यंत न्यायचे अठरा टप्पे, आणि पाठीमागे आपला सह्याद्री. त्याच्या शेजारी बसून पाहताना एक गोष्ट मला पक्की पटली. गवताची पाती, सावल्या, ढग हे सगळं आता तयार मिळतं. खरी मेहनत जमिनीच्या चढउतारात आहे, कारण डोळा फसतो, पण चेंडू फसत नाही.

डोंगराचा ढीग का झाला? फेब्रुवारी 2000 मध्ये 'एंडेव्हर' हे अवकाशयान 11 दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारच्या लहरींनी त्यानं बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते. पण तिच्यात साधारण 30 मीटर लांबरुंद चौकटीमागे उंचीचा एकच आकडा असतो. उभा कडा दोन चौकटींच्या मध्ये सापडला की त्याचा नुसता उतार होतो. शिवाय दाट झाडी असेल तिथं रडारची लहर जमिनीपर्यंत पोचतच नाही, शेंड्यांच्या आसपासूनच परत फिरते. मग आमराईसुद्धा टेकाड म्हणून नोंदली जाते. आणि गोल्फचं एक ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची ती बारीक कापलेली हिरवळ, साधारण 500 चौरस मीटरची असते. एक चौकट 900 चौरस मीटरची. अख्खं ग्रीन एकाच आकड्यात गडप!

विमानातून लेसरचा मारा करून मोजणी केली तर पानांच्या फटींतून जमीनही सापडते आणि वीतभर उंचवटाही कळतो. परदेशातली कित्येक नामांकित मैदानं संगणकात तशीच उतरवली आहेत. आमच्याकडे तशी मोजणी नव्हती. त्यामुळे बारकावे हातानं भरायचे ठरले.

तेवढ्यात वेगळंच विघ्न आलं. चेंडू उतारावरून घरंगळायच्या ऐवजी जिना उतरल्यासारखा टप्‌टप् पडायला लागला. चेंडूच्या गणितात चूक असणार, असं धरून भाच्यानं दोन दिवस घालवले. चूक निघाली उंचीच्या नकाशात. हा नकाशा म्हणजे एक करडं चित्र असतं: जितका ठिपका उजळ, तितकी जागा उंच. आमचं चित्र 8 बिटचं होतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त 256 छटा. 300 मीटरचा चढ 256 छटांत वाटला की प्रत्येक पायरी सव्वा मीटरच्या जवळपास जाते. तोच नकाशा 16 बिटचा केला की छटा होतात 65,536 आणि पायरी उरते 5 मिलिमीटरहून कमी. त्यावर थोडी घोटाई केली आणि चेंडू सरळ घरंगळू लागला.

आता बारकावे. केन पर्लिन या अमेरिकी संगणकतज्ज्ञानं 1983 मध्ये शोधलेली एक युक्ती यासाठी जगभर वापरतात. आधी मोठ्या, संथ लाटा घ्यायच्या. त्यावर निम्म्या उंचीच्या, दुप्पट दाट लाटा चढवायच्या, त्यावर आणखी बारीक. पाहता पाहता टेकड्या तयार होतात. पण त्या टेकड्या सह्याद्रीच्या नसतात! आपले डोंगर साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर साचून झाले. कठीण थराचा कडा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच मुळात स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. म्हणून भाच्यानं लाटांच्या उंचीला मुद्दाम टप्पे पाडले आणि त्यावर लाखो थेंबांचा पाऊस सोडला. प्रत्येक थेंब उताराकडे धावतो, थोडी माती उचलतो, वेग मंदावला की खाली टाकतो. तासाभरात ओघळी उमटल्या, कड्याखाली मुरूम साचला, आणि मला माझा डोंगर ओळखू आला.

ग्रीनचा मामला मात्र सेंटिमीटरांचा. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकी गोल्फपटूला 1935 मध्ये सुचलेलं साधन आजही वापरतात: एक खोबण असलेली पट्टी. तिच्यावरून सुटलेला चेंडू सपाट ग्रीनवर किती फूट जातो, तो त्या ग्रीनचा वेग. चेंडू सुटतो सेकंदाला सुमारे 1.83 मीटर वेगानं. 10 फुटांवर थांबला तर गवत त्याला किती अडवतं याचा हिशोब लागतो आणि तोच आकडा खेळात घालायचा. आता ग्रीनला फक्त 2 टक्के उतार द्या, मीटरमागे 2 सेंटिमीटर. तोच चेंडू उताराकडे 4 मीटर जातो आणि चढाकडे अडीच मीटरही जात नाही. डोळ्याला हा उतार दिसतही नाही. होलचा खळगा जेमतेम 108 मिलिमीटर रुंद, त्यामुळे सगळा डाव याच न दिसणाऱ्या उतारावर असतो.

एक होल भाच्यानं कासच्या सड्यावर मांडलंय. खऱ्या कासवर कुणी कुदळसुद्धा मारू नये. जांभ्यावरच्या त्या वीतभर मातीत जगणारी फुलं दुसरीकडे लावून येत नाहीत. संगणकात मात्र फुलांना धक्का न लावता तिथल्या वाऱ्यात चेंडू मारता येतो, याचा मला फार आनंद आहे.

परवा आबा, म्हणजे भाच्याचे आजोबा, मागं येऊन उभे राहिले. उभ्या आयुष्यात गोल्फ पाहिलेला नाही, पण पन्नास वर्षं उसाला पाणी पाजत दारं मोडलीत. चष्मा सारखा करत त्यांनी सातव्या ग्रीनवर बोट ठेवलं.

"हितं पाणी तुंबंल की रं."

"आबा, हा खेळ आहे."

"आसू दे. मागनं उतार आणलास, पुढं कड उचललीस. पाण्यानं जायचं कुठनं?"

भाच्यानं त्या ग्रीनवर पाऊस सोडून पाहिला. आबांनी बोट ठेवलेल्या जागी निळं डबकं साचलं. खऱ्या मैदानावर असं ग्रीन एका पावसाळ्यात कुजलं असतं, म्हणून बांधणारे पाण्याला आधी वाट काढून देतात. भाच्यानं डावी कड चार सेंटिमीटर खाली घेतली. डबकं ओसरलं. मग त्यानं चेंडू ठेवला आणि हलकेच ढकलला. आधी सरळ जाणारा तो चेंडू आता शेवटच्या हातभर अंतरात डावीकडे वळला, जिकडून पाणी गेलं होतं तिकडेच.