नोटेवरचं गलबत

भाचीला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालंय. एक नोट नव्याने डिझाईन करायची आणि ती नुसती स्क्रीनवर नाही, प्रिंटमेकिंगच्या स्टुडिओत प्लेट बनवून स्वतःच्या हाताने छापून दाखवायची. पहिलं स्केच घेऊन ती घरी आली तर त्यात सिंधुदुर्ग किल्ला, हापूस, पापलेट, दशावतारातला राजा आणि माड, सगळं एकाच चौकोनात कोंबलेलं. म्हटलं बाय, ही नोट नाही, खानावळीचं मेनूकार्ड आहे. ती चिडली. पण मग म्हणाली, "मामा, नोटेर आपलो समुद्र खंय आसा?" आणि तिथून आम्ही दोघं जे जुन्या नोटांच्या मागे लागलो ते चार दिवस जेवणाची वेळसुद्धा पाळली नाही.

समुद्र होता की! १९५० नंतरच्या दहाच्या नोटेवर मागच्या बाजूला शिडाचं गलबत होतं, छान फुगलेलं शीड, खाली लाटा. जमवाजमव करणारे लोक अजून तिला "ढाऊवाली नोट" म्हणतात. मालवण-वेंगुर्ल्याच्या म्हाताऱ्यांनी तसली गलबतं डोळ्यांनी बघितलेली, कौलं, मीठ, नारळ घेऊन जाणारी. पुढे दहाच्या नोटेवर मोर आला आणि गलबत गेलं ते गेलंच. मग समुद्र परत दिसला तो एकच्या नोटेवर, पण शिडाऐवजी तेलविहिरी खणणारं सागर सम्राट घेऊन. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं ते त्याच्यावरूनच. आणि महात्मा गांधी मालिकेतल्या त्या लालसर विसाच्या नोटेवर माड नि पाणी दिसायचं ते बघून आपल्याकडे अर्ध्या लोकांना ते कोकणच वाटायचं (मलाही, खोटं कशाला बोलू), तर ते निघालं अंदमान, माउंट हॅरिएटवरून दिसणारा देखावा. २०१९ मध्ये विसाच्या नव्या नोटेवर वेरूळ आलं. म्हणजे महाराष्ट्र आला पण घाटावरचा. आता नव्या मालिकेत कोणार्क, वेरूळ, हंपी, राणी की वाव, सांची, लाल किल्ला, सगळं दगडाचं. समुद्र उरलाय फक्त त्या एकच्या नोटेवर, तोही तेलवाला, आणि ती नोट रिझर्व्ह बँकेची नाहीच, भारत सरकारची, तिच्यावर सही वित्त सचिवाची असते.

पण चित्र बदलत गेलं ही वरवरची गोष्ट झाली. खरी गोष्ट तिला सांगायला मला वेळ लागला, ती अशी की नोटेवरची बहुतेक प्रत्येक रेघ कोणीतरी खोटी नोट छापेल या भीतीने काढलेली आहे. भीती तशी जुनीच. कोकणातल्या बंदरांत आदिलशाहीच्या काळात लारी नावाचं नाणं चालायचं, चांदीची तार मधोमध दुमडून वर ठसा मारलेला, आणि घेणारा खरं-खोटं बघायला तिच्यावर छिन्नीची खाच मारून आतली चांदी तपासायचा. कागदाला खाच मारून काय कळणार? कागद खरा आहे हे कागदाने स्वतःच दाखवायला पाहिजे.

सरकारी नोटा आपल्याकडे आल्या १८६१ च्या कायद्याने. त्याआधी बँक ऑफ बॉम्बेसारख्या इलाख्याच्या बँका आपापल्या नोटा काढायच्या. १८६१ नंतरच्या पहिल्या नोटांवर राणी व्हिक्टोरियाचं छोटं चित्र, कागद इंग्लंडच्या लॅव्हरस्टोक गिरणीतला हातकागद, छपाई एकाच बाजूला, मागची बाजू कोरी, दोन भाषांच्या पट्ट्या, वॉटरमार्क. एवढं सगळं करूनही लोकांनी खोट्या छापल्या, मग १८६७ पासून राणीचं चित्र काढून टाकलं आणि मजकुराच्या खाली रंगीत बारीक नक्षी छापायला सुरुवात केली, तीच अंडरप्रिंट. म्हणजे बघा, आपण ज्याला डेकोरेशन समजतो ती जाळी आली चोरासाठी. भाचीने तेवढ्यावरून तिच्या स्केचमधली बॉर्डर खोडली, कारण ती तिने नुसती "रिकामं दिसतंय" म्हणून काढली होती.

त्या काळात अजून एक भानगड होती. नोट ज्या सर्कलची, म्हणजे ज्या चलन-विभागाची, तिथेच ती वटायची, मुंबईची नोट मद्रासला हक्काने वटवून मागता यायची नाही. ही अडचण १९०३ ते १९११ च्या दरम्यान एकेक किंमतीची नोट सगळीकडे वटायला लागून सुटली. आणि पोस्टाने पैसे पाठवायचे तर लोक नोट चक्क मधोमध फाडायचे, अर्धी आज पाठवायची, पोचल्याची चिठ्ठी आली की उरलेली अर्धी. अशा जोडलेल्या नोटा अजून संग्रहांत सापडतात. नंबर दोन्ही अर्ध्यांवर का असतो याचं उत्तर इथे थोडंफार मिळतं. मला हे वाचून आपली मनीऑर्डर आठवली. पोस्टाची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर शंभरेक वर्षं कोकणची घरं तिच्यावरच चालली, गिरणीतला चाकरमानी मुंबईत खोलीत दहा जणांत झोपायचा आणि महिन्याच्या महिन्याला पोस्टमन पडवीत बसून आजीचा अंगठा घ्यायचा. जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ ला बंद झाली. त्या फॉर्मच्या खाली निरोपाची छोटी जागा असायची, दोन ओळींची. भाचीला ते माहीतच नव्हतं आणि ऐकल्यावर ती लगेच म्हणाली की तिच्या नोटेवर ती दोन ओळींची जागा असणार. मला ही आयडिया किल्ला-हापूसच्या दहापट आवडली.

आता छपाई. हा तिच्या प्रोजेक्टचा गाभा आहे म्हणून इथे जरा थांबतो. नोटेवर बोट फिरवलं की काही ठिकाणी शाई उंच लागते, ती इंटाग्लिओ. धातूच्या प्लेटमध्ये रेघ खोल कोरायची, खाचेत शाई भरायची, वरची शाई कापडाने आणि मग तळहाताने पुसून काढायची, ओला कागद ठेवून प्रचंड दाबाखाली प्रेसमधून काढायचा, कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून घेतो. म्हणून ती उंच. लिनोकटचं (लिनोलियमचा तुकडा कोरून करतात ती छपाई) बरोबर उलट, तिथे कोरलेलं पांढरं राहतं आणि उरलेलं छापलं जातं. इंटाग्लिओची रेघ केसाएवढी बारीक निघू शकते आणि साध्या ऑफसेटवर किंवा झेरॉक्सवर तो उंचवटा येत नाही, एवढ्यासाठी नोटा छापणारे दीडशे-दोनशे वर्षं तिला चिकटून आहेत.

आणि ही विद्या काय सगळी परदेशी नाही हं. मुद्रण गोव्यात १५५६ ला आलं हे शाळेत सांगतात, पण तो खिळ्यांचा छापखाना. तांब्याच्या पत्र्यावर कोरणं आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीचं. शिलाहारांचे ताम्रपट कोकणात ठिकठिकाणी सापडलेत, कोणाला गाव दान दिलं वगैरे सगळं खोल कोरलेलं. मी भाचीला म्हटलं, ताम्रपट म्हणजे शाई न लावलेली इंटाग्लिओ प्लेटच. ती म्हणाली, लावली असती तर अक्षरं उलटी आली असती ना. बरोबर! सुलटं कोरायला हजार वर्षं येत होतं, अख्खं पान उलटं कोरायची गरज पडली नव्हती. ती गरज पडली नाना फडणवीसांच्या काळात. नाना मूळचे वेळासचे, म्हणजे आता जिथे आपण कासवांची पिल्लं बघायला जातो त्याच मंडणगड तालुक्यातल्या वेळासचे. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्यामुळे नानांना छपाईची गोडी लागली आणि त्यांनी एका तांबटाला भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर उलटी कोरायला लावली. १८०० मध्ये नाना गेले, काम अर्धवट राहिलं, मग मिरजेच्या पटवर्धनांनी आश्रय दिला आणि १८०५ मध्ये ती गीता मिरजेत छापून झाली. भांडी घडवणारा माणूस, हातात छिन्नी, आणि देवनागरीची अख्खी गीता आरशातल्यासारखी. आमच्या भाचीबाई दोन शब्द उलटे कोरताना "रुपये"चा र चुकल्या आणि झिंकची प्लेट फुकट घालवली, त्यामुळे त्या तांबटाबद्दल तिला आता भलताच आदर आहे.

"रुपये" वरून आठवलं. आपल्या नोटा १९२८ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडकडून छापून यायच्या, मग नाशिकला प्रेस झाला आणि पाचच्या नोटेपासून छपाई इथे सुरू झाली. रिझर्व्ह बँक १९३५ ची, तिच्या नोटा आल्या १९३८ ला, सहाव्या जॉर्जचा चेहरा घेऊन. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी गांधीजी घ्यायचे म्हणून डिझाईन तयारसुद्धा झालं होतं, पण शेवटी सारनाथचे सिंह ठरले आणि १९४९ ला एकच्या नोटेवर ते आले. गांधीजी आले १९६९ ला, जन्मशताब्दीला, सेवाग्रामसमोर बसलेले, आणि कायमचे स्थिरावले १९९६ पासून. मधे १९५३ ला हिंदी ठळक करताना अनेकवचन काय लिहायचं यावर चर्चा झाली आणि "रुपये" ठरलं. एका मात्रेवर चर्चा! पण ज्याने कधी लेटरिंग केलंय त्याला यात हसू येणार नाही. भाषांच्या पट्टीत मराठीबरोबर आज कोकणीही आहे, १९९२ ला कोकणी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली त्याच्यानंतर.

गोव्याचं प्रकरण वेगळंच. तिथे पोर्तुगीजांच्या बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो या बँकेच्या नोटा चालायच्या, आधी रुपियात आणि १९५९ पासून एस्कुदोत. एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर ठरला, त्यामुळे नोटा आल्या तीस, साठ, तीनशे, सहाशे एस्कुदोंच्या! पाच रुपियाचे तीस, दहाचे साठ. जेमतेम तीन वर्षं हे चाललं, डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साठची नोट हातात घेतल्यावर कसं वाटत असेल हा विचार भाचीच्या डोक्यातून काही जाईना.

चित्राच्या बाबतीत मी तिला सावंतवाडीला नेलं, गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, बघायला. दशावतारी गंजिफा १२० पानांचा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, सगळी गोल, हाताने रंगवून लाखेचा हात दिलेली. संस्थानच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी १९७० च्या दशकात ही मरायला टेकलेली कला परत उभी केली. मुघल गंजिफ्यात तर दोन रंग चक्क नाण्यांचेच असतात, सोन्याचं नि चांदीचं. मला तिला दाखवायचं होतं ते हे, की पानाचा आकार तळहाताएवढा, वापरून वापरून झिजणार, मागची बाजू सगळ्यांची सारखी हवी, आणि पुढून एका नजरेत कळायला हवं की हा मत्स्याचा राजा की प्रधान. नोटेचा प्रश्न वेगळा काय आहे? मासळी बाजारात मावशी बांगडे तोलत असताना ओल्या हाताने नोट घेते, तिला वाचायला वेळ नसतो, रंग नि आकार बघून डब्यात टाकते. आपल्या शंभरच्या आणि दोनशेच्या नोटेत फरक लांबीला चार मिलिमीटरचा, १४२ आणि १४६. रंग वेगळा म्हणून चालून जातं. (प्लॅस्टिकच्या दहाच्या नोटांची चाचणी करायची म्हणून वेगवेगळ्या हवामानाची पाच शहरं निवडली होती, कोची, म्हैसूर, जयपूर, भुवनेश्वर आणि शिमला. आमच्या मासळी बाजारात आणली असती तर आठ दिवसांत निकाल लागला असता.)

समुद्रकिनाऱ्याच्या देशाने हे कसं केलं ते बघायचं तर नॉर्वे. त्यांनी २०१४ मध्ये स्पर्धा घेतली, विषयच समुद्र, आणि २०१७ पासून नोटा आल्या, शंभरवर व्हायकिंग जहाज, दोनशेवर कॉड मासा, पन्नासवर दीपगृह. मागची बाजू स्नोहेटा या आर्किटेक्ट लोकांची, नुसते रंगाचे चौकोन, लांबून बघितलं की किनारा वाटतो. म्हणजे मासा नोटेवर येऊ शकतो, फक्त एकटा यायला पाहिजे. आणि हॉलंडचा नोटांचा डिझायनर ऑक्सेनार, त्याने अडीचशे गिल्डरच्या नोटेवर दीपगृह काढलं आणि हजारच्या नोटेवर स्पिनोझाच्या केसांत स्वतःच्या बोटाचा ठसा लपवला. आपल्याकडे तर ₹ हे चिन्हच विद्यार्थ्याचं म्हणायला हरकत नाही, उदय कुमार आयआयटी मुंबईत डिझाईनमध्ये पीएचडी करत होते, १५ जुलै २०१० ला त्यांचं चिन्ह निवडलं गेलं.

राहता राहिला कायदा, जो कॉलेजात कोणी सांगितलाच नव्हता. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हाच गुन्हा आहे, खपवायचा इरादा असो नसो. १९४३ मध्ये जुन्या दंडसंहितेत ४८९-ई कलम घातलं, दंड शंभर रुपयांपर्यंत, आता भारतीय न्याय संहितेत १८२ व्या कलमात तो तीनशे झालाय. खऱ्या बनावट नोटांची कलमं वेगळी आणि ती जन्मठेपेपर्यंत जातात, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नये. भाचीने म्हणून गांधीजी, सिंह, बँकेचं नाव, सह्या सगळं टाळलं, आकार पोस्टकार्डाएवढा मोठा केला आणि किंमत ठेवली साठ.

पुढून एकच गलबत, तांब्याच्या प्लेटवर, शिडात सगळ्या रेघा आडव्या. मागे मनीऑर्डरची दोन ओळींची जागा, कोरी. पावसाळ्यात शाई सुकेना म्हणून प्रिंट्स माळ्यावर चुलीच्या वर टांगल्यात, सगळ्या घराला जवसाच्या तेलाचा वास मारतोय. नंबर तेवढे हाताने नको म्हणून ती कुडाळला पावतीपुस्तकं छापणाऱ्या प्रेसमध्ये गेली, त्यांच्याकडे अजून ते खटखट करणारं नंबरिंग मशीन आहे. मालकांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला, बोट फिरवून बघितलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "गो बाय, नोटा छापतंस काय?"

"होय," म्हणाली, "साठाची."

"मगे सुट्टे कोणाकडे गावतले?" असं म्हणून त्यांनी एकपासून साठपर्यंत नंबर मारून दिले.