साचेबंद वर्तन (बंदिस्त प्राण्यांमधील)

बंदिस्त प्राणी एकच हालचाल त्याच क्रमाने, काही साध्य होताना दिसत नसतानाही, पुन्हा पुन्हा करत राहतो तेव्हा तिला साचेबंद वर्तन म्हणतात. पशुवैद्यकांच्या तोंडी ‘स्टिरिओटाइपी’ हा शब्द अधिक असतो. जाळीलगत येरझाऱ्या घालणारा वाघ, साखळदंडात एका जागी डुलणारा हत्ती, दावणीला उभ्या उभ्या जीभ गोल फिरवणारी गाय आणि दांडीवरून ठरावीक फेऱ्या मारणारा पोपट ही त्याची नेहमीची उदाहरणे.

मराठीत ‘डुलणे’ हा आनंदाचा शब्द आहे आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते. नौपाड्यातल्या चाळीत किंवा ऐरोलीच्या सोसायटीत ग्रिलला टांगलेला मिठू मान हलवू लागला की घरचे कौतुकाने म्हणतात, ‘बघ, कसा नाचतोय!’ पोपटाने मान हलवली म्हणजे तो दुःखीच, असेही नाही. ओळखीचे माणूस दिसल्यावर किंवा पेरूची फोड पुढे आल्यावर तो उत्साहाने मान हलवतोच. समोर कोणी नसताना, तासन्‌तास, त्याच लयीत आणि त्याच वळणाने ते चालू राहिले तर मात्र शंका घ्यावी. पिसे उपटणे, शेपटीमागे गोल फिरणे यांमागे त्वचारोग, वेदना किंवा मेंदूचा विकारही असू शकतो. म्हणून आधी वैद्यकीय तपासणी.

याचे कारण केवळ ‘जागा कमी’ एवढेच नसते. जर्बिल हा वाळवंटी उंदरासारखा प्राणी पिंजऱ्याचा कोपरा सतत उकरतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याला उकरायला भरपूर वाळू दिली, तरी ही सवय गेली नाही. बोगद्यातून आत जाता येईल असे तयार बीळ दिल्यावर मात्र ती फारशी उरली नाही. त्याला खणायची नव्हे, बिळाची गरज होती. पोपटाचेही असेच. रानात त्याचा बराचसा दिवस खाणे शोधण्यात, सोलण्यात आणि थव्याबरोबर उडण्यात जातो. पिंजऱ्यातली वाटी काही मिनिटांत रिकामी होते आणि उरलेला दिवस तसाच लोंबकळत राहतो.

मांसाहारी प्राण्यांत येरझाऱ्या अधिक आढळतात, तर खुरवाल्या प्राण्यांत चाटणे, चावणे, जीभ फिरवणे. दावणीच्या गुरांना पुरेसा चारा चघळायला मिळाला नाही की जिभेचा हा चाळा वाढतो. क्लब आणि मेसन या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवले की निसर्गात ज्या मांसाहारी जातीची भटकंती मोठी, तिच्यात बंदिवासातील येरझाऱ्या आणि पिल्लांचे मृत्यूही जास्त. ध्रुवीय अस्वलाला मिळणारे आवार त्याच्या नैसर्गिक क्षेत्राच्या सुमारे दहा लाखांश भागाएवढे असते.

तरीही हे वर्तन दुःखाचे सरळ मोजमाप नव्हे. त्याच ओसाड पिंजऱ्यात कोपऱ्यात निपचित बसलेल्या जनावराची अवस्था येरझाऱ्या घालणाऱ्यापेक्षा वाईट असू शकते. उलट, चांगल्या जागी हलवल्यावरही जुनी लकब टिकते. ती व्रणासारखी असते. ठाण्यात 2019 मध्ये मॉलमध्ये शिरलेल्या बिबट्यासारखे जंगली जनावर नुकतेच पकडले जाते, तेव्हाची त्याची पिंजऱ्यातली धडपड सुटकेसाठी असते. तिला साचेबंद म्हणत नाहीत.

नुसती हालचाल रोखणे हा उपाय नव्हे. लाकूड चावणाऱ्या घोड्याच्या गळ्यात पट्टा आवळला की चावणे थांबते, मूळची गरज तशीच राहते. खाणे लपवून ठेवणे, कुरतडायला ताज्या फांद्या, लपायला आडोसा, सोबती यांचा उपयोग अधिक होतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हालचालीला अपुरा पिंजरा आणि अवाजवी आखूड साखळी हे गुन्हे आहेत.

देशी हिरवा पोपट पाळणेच मुळात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे कळल्यावर काही जण घाबरून मिठूला येऊरच्या जंगलात नेऊन सोडतात. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते, त्याला खाणे शोधता येत नाही आणि कावळे त्याला टोचून काढतात. असा पक्षी वन विभागाकडे द्यावा लागतो.