मंदीत मेटलचे शेअर: काढायचे की ठेवायचे?

सप्रेम नमस्कार,

गेले काही दिवस नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "मंदी येणार म्हणतात, मेटलचे शेअर काढून टाकू का?" फोनवर पाच मिनिटांत याचं उत्तर देणं बरोबर नाही, म्हणून हे पत्रक.

पोलाद, तांबं, ॲल्युमिनियम काढणाऱ्या कंपन्यांच्या मालाचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद एकटा चीन बनवतो. तिकडे बांधकामं थंडावली की इथला भाव बसतो. खर्च मात्र फारसा हलत नाही. समजा १०० रुपयांच्या विक्रीमागे ८० रुपये खर्च आहे. भाव १० टक्के उतरला की नफा २० वरून थेट १०, म्हणजे निम्मा. शेअर इतका आपटतो तो यामुळे.

याच कारणाने या कंपन्यांचा पी/ई (शेअरचा भाव एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) फसवा असतो. तेजीत नफा फुगलेला असतो, म्हणून पी/ई ५-६ दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो; भाव उतरला की तो नफाच उरत नाही. आमच्या अनुभवात सर्वांत जास्त माणसं अडकतात ती इथेच.

मग मंदीची बातमी आली की विकायचं का? बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. धातूंसारखाच जगाच्या बाजारात भाव ठरणारं कच्चं तेल जुलै २००८ मध्ये पिंपामागे १४७ डॉलरला होतं, डिसेंबरात ४० च्याही खाली. अमेरिकेतली मंदी जून २००९ पर्यंत चालली. तांबं मात्र त्या वर्षाच्या सुरुवातीलाच चढायला लागलं होतं. बातम्या सर्वांत वाईट असताना ज्यांनी विकलं, त्यांना तळाचा भाव मिळाला.

पण "धरून ठेवा" हे सरसकट सांगायला आमची जीभ रेटत नाही. आधी कर्ज बघा. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरीच्या प्रक्रियेत पाठवायला सांगितलेल्या १२ बड्या थकीत कर्जखात्यांत पाच पोलाद कंपन्या होत्या. वार्षिक अहवालात २०१५-१६ सारखं वाईट वर्ष काढा. त्या वर्षी धंद्याच्या नफ्यातून व्याज तरी निघालं होतं का? नसेल, तर पडत्या भावात आणखी घेऊन खरेदीची सरासरी किंमत खाली आणायला जाऊ नका. उलट, त्यातून बाहेर पडा.

दुसरं, तुमची स्वतःची कमाई कुठून येते? भोसरीत वर्कशॉप असलेले आमचे एक ग्राहक. "पोलाद मला कळतं" म्हणून निम्म्याहून जास्त पैसा पोलादाच्या शेअरमध्ये. ऑर्डरी घटल्या, दुसरी पाळी बंद झाली आणि त्याच महिन्यात डीमॅटही लाल. मशीनचा हप्ता भरायला त्यांना पडत्या भावात विकावं लागलं. कंपनी चांगली होती, पण त्यांच्याकडे थांबायला वेळ नव्हता. चाकण-भोसरीच्या कारखानदारीवर ज्यांचं घर चालतं, त्यांनी मेटलमध्ये थोडंच ठेवावं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा तर मुळीच नको.

कर बघून निर्णय फिरवू नका. तोट्यात विकलंत आणि आयकर रिटर्न वेळेत भरलंत, तर तो तोटा पुढची ८ वर्षं भांडवली नफ्यातून वजा करता येतो.

येताना डीमॅटचं स्टेटमेंट आणि चालू हप्त्यांचा आकडा घेऊन या. दोन्ही कागद शेजारी ठेवूनच बोलू.