चकमकीत माणूस गेला तर: सोलापुरातून कुठे, कधी आणि कोणत्या कागदांसह अर्ज करायचा

सोलापूरच्या पूर्व भागात मी लोकांना अर्ज लिहून देतो. बहुतेक अर्ज विडी कामगारांच्या पेन्शनचे नाहीतर रेशनकार्डातल्या नावाचे असतात. पण इथल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरांची नाती तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, सिरसिल्ल्यापर्यंत पसरलेली आहेत. नक्षलवादी आणि पोलीस यांच्यातला रक्तपात त्या मुलखानं कित्येक दशकं सोसला. इकडे सोरेगावला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 10 आहे, तिथले जवान गडचिरोलीच्या बंदोबस्तावर जातात. त्यामुळे हा विषय दूरच्या जंगलातला वाटला तरी त्याचे कागद आमच्या टेबलावर येतात.

एक बाई आल्या होत्या. विड्या वळून बोटं तंबाखूच्या रंगाची झालेली. कॅरीबॅगमधून त्यांनी भावाच्या शवविच्छेदन अहवालाची झेरॉक्स काढली. पहिलं पान नव्हतं. दुसऱ्या पानावर नावाच्या जागी ‘अनोळखी पुरुष’ आणि खाली कपड्यांचं वर्णन. त्या वर्णनातल्या शर्टावर बोट ठेवून म्हणाल्या, “हा मीच घेतला होता, दिवाळीला.” मग विचारलं, “मी लग्न होऊन इकडं आलेली. माझ्या नावावर अर्ज चालंल का?”

चालतो. पोलिसांच्या गोळीनं किंवा कोठडीत मृत्यू झाला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 196 खाली दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते. नातेवाइकांची नावं-पत्ते माहीत असतील तर शक्य तिथं त्यांना कळवायचं आणि चौकशीला हजर राहू द्यायचं, असं कायदा म्हणतो. नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं, भाऊ, बहिणी आणि पती किंवा पत्नी. लग्न झालेल्या बहिणीला त्यातून वगळलेलं नाही. म्हणून पहिला अर्ज घटनास्थळाच्या जिल्ह्यातल्या दंडाधिकाऱ्यांना करायचा: मी मृताची बहीण, माझा पत्ता हा, चौकशीची तारीख मला कळवावी, माझा जबाब घ्यावा. आपलं नाव त्या फाइलीत गेलंच नाही, तर चौकशी उरकून जाते आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरा कागद एफआयआर. तो नीट वाचा, विशेषतः आरोपीचा रकाना. चकमकीनंतर नोंदवलेला गुन्हा पुष्कळदा मेलेल्या माणसाविरुद्धच असतो, पोलिसांवर खुनी हल्ला केल्याचा. तो कसा मेला, याचा गुन्हा वेगळा नोंदलेलाच नसतो. अशा वेळी घरच्यांनी आपली स्वतंत्र लेखी फिर्याद द्यावी. त्यासाठी तेलंगणात जायलाच हवं असं नाही. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी सोलापुरातल्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नाकारलं तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवायची. तरीही हालचाल नसेल तर त्याच संहितेच्या कलम 175(3) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, सोबत प्रतिज्ञापत्र. आधीच्या दोन्ही पायऱ्यांचा पुरावा तिथे लागतो, म्हणून पोस्टाची प्रत्येक पावती जपा.

फिर्यादीत ‘बनावट चकमक’ हा शब्द घालायची घाई करू नका. तो निष्कर्ष आहे. तुम्हाला जे ठाऊक आहे तेवढंच लिहा: शेवटचा फोन कधी आला, घरातून कुणी नेलं, गाडी कसली होती, अंगावर काय होतं, मृत्यूची बातमी किती वाजता आणि कुणाकडून कळली. तो दिवाळीचा शर्ट याच कामाचा.

आता सगळ्यात मोठा आधार. मुंबईत 1995 ते 1997 या काळात झालेल्या 99 चकमकींवरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र शासन हा खटला चालला. 23 सप्टेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यात 16 नियम घालून दिले, ते देशभर लागू आहेत. चकमकीत मृत्यू झाला की एफआयआर झालाच पाहिजे. तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा. शवविच्छेदन जिल्हा रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांनी करायचं आणि त्याचं चित्रीकरण करून जपून ठेवायचं. अधिकाऱ्यांनी आपली शस्त्रं तपासणीसाठी द्यायची. जवळच्या नातेवाइकांना लवकरात लवकर कळवायचं. घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्याचं बक्षीस द्यायचं नाही. आणि यातलं काही पाळलं गेलं नाही असं घरच्यांना दिसलं, तर त्या जागेच्या सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. हा सोळावा नियम फार थोड्यांना माहीत असतो. मी त्याची प्रत प्रत्येक अर्जाला जोडतो.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे फी नाही, वकील लागत नाही. मराठीत, तेलुगूत, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत तक्रार चालते, ऑनलाइन किंवा टपालानं. पीडितासाठी दुसरं कुणीही ती करू शकतं, मात्र निनावी तक्रार घेत नाहीत. एकाच वेळी राज्य मानवी हक्क आयोगाकडे आणि राष्ट्रीय आयोगाकडे जाऊ नका. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग ते चौकशीला घेऊ शकत नाही. मुदत मात्र घटनेपासून एक वर्षाची. त्या बाई तेराव्या महिन्यात आल्या होत्या. वर्षभर त्यांना एकच उत्तर मिळत होतं, ‘तपास चालू आहे’. तपास चालू असतानाही तक्रार करता येते, हे कुणी सांगितलंच नाही. मला त्याचा आजही राग येतो.

गोळी कुणाची होती यावरही मार्ग बदलतो. गडचिरोलीचं सी-60 किंवा तेलंगणाचं ग्रेहाउंड्स ही राज्य पोलिसांची पथकं, त्यांच्याबाबत आयोग स्वतः चौकशी करू शकतो. केंद्रीय राखीव पोलीस दल किंवा लष्कर असेल तर मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 19 प्रमाणे आयोग फक्त केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करतो. तिथं न्यायालयावरच भर द्यावा.

आणि मारणारे नक्षलवादी असतील तर? ‘खबऱ्या’ ठरवून रात्री घरातून ओढून नेलेल्या माणसाचा खून हा खूनच. युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनेव्हा करारांचं सामाईक कलम 3 देशांतर्गत सशस्त्र संघर्षात दोन्ही बाजूंना असा खून मना करतं. अशा नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची साहाय्य योजना आहे, रक्कम 5 लाख रुपये, अर्ज घटनेच्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक तयार ठेवा. पैसे घेतले म्हणून खुनाचा तपास मागायचा हक्क जात नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सही करताना लोक तेच घाबरत विचारतात. जवानांच्या घरच्यांचे अर्ज मात्र त्यांच्या गटाच्या कार्यालयातून जातात.

संयुक्त राष्ट्रांकडेही पत्र पाठवता येतं. बेकायदा हत्यांविषयीच्या विशेष प्रतिवेदकाचं (संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाचं) पद 1982 पासून आहे. तेव्हा या पदावर असलेले क्रिस्टॉफ हेन्स मार्च 2012 मध्ये भारतात येऊन गेले. पत्र पाठवण्यासाठी इथले उपाय संपलेले असण्याची अट नाही. कुटुंबाची संमती हवी, माहिती नुसत्या बातम्यांवर बेतलेली नको, फॉर्म इंग्रजीत भरावा. ते सरकारला पत्र लिहून उत्तर मागतात, शिक्षा देऊ शकत नाहीत. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही, तेव्हा त्या आशेवर कुणाला बसवू नये.

कागदांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी मणिपूरचं सांगतो. तिथल्या विधवांनी आणि आयांनी 1979 ते 2012 या काळातल्या 1,528 मृत्यूंची यादी केली आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती संतोष हेगडे आयोगानं त्यातली सहा प्रकरणं तपासली. सहाही चकमकी खोट्या निघाल्या. 2017 मध्ये सीबीआय तपासाचा आदेश झाला. छत्तीसगडच्या सारकेगुड्यात जून 2012 मध्ये 17 जण मारले गेले. ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, हे न्यायालयीन आयोगानं 2019 मध्ये लिहिलं. सात वर्षं लागली, पण गावकऱ्यांचे जबाब फाइलीत होते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर सोलापूर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथून मोफत वकील मिळतो. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. बाकी बहुतेकांना वार्षिक 3 लाखांची मर्यादा. घटना दुसऱ्या राज्यातली असेल तर इथूनच अर्ज तिकडच्या प्राधिकरणाकडे पाठवायला सांगा.

त्या बाईंचा आयोगाचा दरवाजा बंद झाला होता, पण खुनाच्या फिर्यादीला मुदत नसते. आम्ही सत्र न्यायाधीशांकडे सोळाव्या नियमाखाली तक्रार केली. अहवालाचं हरवलेलं पहिलं पान मिळावं म्हणून दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा लावला. सहीच्या जागी त्यांनी तेलुगूत नाव लिहिलं, सावकाश, आणि पोस्टाच्या दोन्ही पावत्या त्याच कॅरीबॅगमध्ये ठेवल्या.