रुजण्याचा शब्द, जो स्वतः रुजला नाही

‘रॅडिकेट’ म्हणजे मूळ धरणं, रुजणं किंवा रुजवणं. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत असलेलं हे क्रियापद आज मोठे शब्दकोश सोडले तर फारसं कुठे भेटत नाही. पण त्याच्या उलट अर्थाचा ‘इरॅडिकेट’ सर्रास चालतो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं देवीच्या रोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा इंग्रजीत वापरला तो याच शब्दाचा नामरूप भाऊ.

दोन्ही शब्द लॅटिन ‘राडिक्स’वरून आले. राडिक्स म्हणजे मूळ. त्याच्या क्रियापदाला ‘बाहेर’ या अर्थाचा ‘ए’ जोडला की मुळासकट उपटणं झालं. संस्कृतातलं ‘उन्मूलन’ नेमकं असंच घडलंय: ‘मूल’ला ‘उद्’ लागला. आपण त्यालाच पाळंमुळं खणून काढणं म्हणतो.

मग रुजण्याचाच शब्द का मागे पडला? माझा अंदाज असा, की त्या कामाला ‘रूट’ आधीपासून होता. तोही मूळचा इंग्रजी नव्हे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. गंमत म्हणजे ‘रूट’ आणि ‘राडिक्स’ हे एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. उपटण्यासाठी ‘अपरूट’ही आहे, पण तो झाडाझुडपांचा वाटतो. रोग किंवा दारिद्र्य यांच्यासाठी भारदस्त लॅटिन शब्द बरा वाटला असावा.

बाकीचं कुटुंब मात्र जोरात आहे. मुळा या अर्थाचा ‘रॅडिश’ त्यातलाच. ‘रॅडिकल’चा पहिला अर्थ ‘मुळाशी संबंधित’; मुळापासून बदल मागणारा तो राजकारणातला रॅडिकल. गणितात वर्गमूळाला ‘राडिक्स’ म्हटलं गेलं ते अरबी ‘जद्र’च्या भाषांतरातून, आणि जद्र म्हणजेही मूळच. आर्यभटाच्या ४९९ सालच्या ग्रंथात ‘वर्गमूल’ आहेच. वर्गमूळाचं चिन्ह छापील स्वरूपात आणलं ते जर्मन गणिती ख्रिस्टोफ रूडोल्फ यानं, १५२५ मध्ये.

‘रॅडिकेट’चा एक नातलग वनस्पतिशास्त्रात टिकून आहे. खोडावरच मुळं फुटणाऱ्या काही वेलींच्या शास्त्रीय नावात ‘रॅडिकान्स’ असतं. केशरी तुताऱ्यांसारखी फुलं येणारी ‘कॅम्प्सिस रॅडिकान्स’ ही त्यांपैकी एक. मुळांनी भिंतीला चिकटत ती वर चढते.